कण्याच्या आरोग्याचं सार्वजनिक धोरण: आधी काय, मग काय

कंबरदुखीवर सार्वजनिक योजना आखायची म्हटलं की बहुतेक आराखडे शेवटापासून सुरू होतात. पहिल्या ओळीत एमआरआय यंत्राची खरेदी, दुसरीत 'ताठ बसा' सांगणारी भित्तिपत्रकं, तिसरीत तपासणी शिबिर. वर्षअखेरीच्या अहवालात शिबिराला किती जण आले हा आकडा असतो. त्यातले किती जण पुन्हा धडपणे कामाला लागले, हा आकडा कुठेच नसतो. असे आराखडे वाचताना आणि त्यांत दुरुस्त्या सुचवताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली: हेतू चांगला असतो, पैसाही असतो, पण क्रम चुकतो.

ज्यांच्या टेबलावर असा आराखडा आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. मग ते आरोग्य विभागातले अधिकारी असोत, मोठ्या आस्थापनेचे वैद्यकीय प्रमुख असोत किंवा कामगार संघटनेचे कार्यकर्ते. टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत त्याच क्रमानं घ्या. मधला एखादा टप्पा लांबला तरी चालेल, पण पुढचा आधी उरकून घेऊ नका.

## टप्पा १: कोणत्या दुखण्यासाठी धोरण, हे आधी लिहून काढा

'कण्याचे आजार' हा एकच शब्द वापरला की आराखडा तिथेच फसतो. या शब्दाखाली किमान चार वेगळे प्रश्न असतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या खात्याकडे असतं.

पहिला प्रश्न नेहमीच्या कंबरदुखीचा आणि मानदुखीचा. दहापैकी सुमारे नऊ जणांच्या कंबरदुखीमागे एखादा नेमका आजार किंवा इजा बोट ठेवून दाखवता येत नाही. दुसरा, ठिसूळ हाडांमुळे मणके दबण्याचा. तिसरा, अपघातात किंवा पडल्यामुळे मज्जारज्जूला होणाऱ्या इजेचा. चौथा, जन्मतः असलेल्या आणि वाढीच्या वयात दिसणाऱ्या व्यंगांचा.

लोकसंख्येच्या मापानं पहिला प्रश्न अवाढव्य आहे. २०२० मध्ये जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. माणसं जी वर्षं कोणत्या ना कोणत्या व्याधीच्या अडचणीत काढतात, त्या वर्षांच्या जागतिक हिशोबात कंबरदुखी पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्यावर आहे. उरलेले तीन प्रश्न टप्पा ६ मध्ये येतात.

तपासा: आराखड्यातल्या प्रत्येक खर्चापुढे, तो या चारपैकी कोणत्या प्रश्नासाठी आहे, ते लिहा. ज्या खर्चापुढे 'सगळ्यांसाठी' असं लिहावंसं वाटेल तो सध्या बाजूला ठेवा.

## टप्पा २: काहीही सुरू करण्याआधी मोजा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. कारण साधं आहे: मोजणीचं उद्घाटन होत नाही.

२.१ नोंदवही आधी दुरुस्त करा. एका केंद्राची वर्षभराची बाह्यरुग्ण नोंदवही मी पानापानानं वाचली आहे. एकच तक्रार तिथे 'कंबरदुखी', 'पाठ', 'सायटिका', 'गॅप', 'नस दबली' आणि नुसतं 'अंगदुखी' अशी उतरली होती. लिहिणाऱ्याचा दोष नव्हता, रुग्ण जे म्हणाला ते त्यानं टिपलं. पण त्या वहीवरून तिथे कंबरदुखीचे किती रुग्ण येतात, हे कुणालाही सांगता आलं नसतं. तेव्हा चारच रकाने ठरवा: कंबर, मान, पायात उतरणारी कळ, धोक्याच्या खुणा. सोबत वय, कामाचा प्रकार आणि दुखणं किती आठवड्यांचं आहे, एवढं पुरे.

२.२ केंद्रात न येणाऱ्यांना विचारा. आजारपणाची रजा फक्त नोकरदारांची दिसते. रोजंदारीवरचा मजूर, घर सांभाळणारी बाई, स्वतःची गाडी चालवणारा चालक यांच्या दुखण्याची रजा कुठल्याच कागदावर येत नाही. त्यांच्यासाठी घरोघरी छोटं सर्वेक्षण लागतं. प्रश्न दोनच ठेवा. गेल्या चार आठवड्यांत कमरेत दुखलं का? दुखलं असेल तर त्यामुळे रोजची कामं एका दिवसाहून जास्त बंद पडली किंवा बदलावी लागली का? सोबत पाठमोऱ्या माणसाचं चित्र ठेवा आणि कंबर म्हणजे नेमका कुठला भाग ते त्यावर रंगवून दाखवा. बरेच जण ढुंगणाच्या किंवा खांद्यामागच्या दुखण्यालाही पाठ म्हणतात. कुणी नुसतं 'उसण भरली होती' असं म्हणतं. चित्रावर बोट ठेवायला सांगितलं की घोळ मिटतो.

'कधी पाठ दुखली आहे का?' हा प्रश्न मात्र विचारूच नका. उत्तर जवळजवळ सगळ्यांचं 'हो' येईल आणि त्या आकड्यावरून पुढची एकही गोष्ट ठरवता येणार नाही.

२.३ आजच्या उपचारांचा आढावा घ्या. मागच्या सहा महिन्यांतले कंबरदुखीचे शंभर केसपेपर काढा. पहिल्या सहा आठवड्यांत किती जणांचा एक्स-रे किंवा एमआरआय झाला, किती जणांना 'पूर्ण विश्रांती' लिहून दिली, किती जणांना व्यायाम शिकवला, हे मोजा. हे काम दोन दिवसांत होतं आणि यातून निघणारं चित्र बैठकीतल्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त बोलतं.

सावधान: मोजणी झाल्यावर रकान्यांच्या व्याख्या बदलू नका. वर्षभरानं तुलना करताना कण्यात फरक पडला की वहीत, हे कळलं पाहिजे.

## टप्पा ३: कामाची जागा बदला, कामगाराला शिकवण्याच्या आधी

कंबरदुखीमुळे वाया जाणाऱ्या वर्षांपैकी जवळपास ३९ टक्के भार कामाच्या ठिकाणचे शारीरिक ताण, धूम्रपान आणि वाढलेलं वजन या तीन कारणांशी जोडला जातो. यातल्या पहिल्या कारणावर नियमांनी थेट हात घालता येतो.

तरीही सगळीकडे पहिलं पाऊल प्रशिक्षणाचं पडतं: 'गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा.' नुसतं उचलण्याचं तंत्र शिकवल्यानं कंबरदुखी टळत नाही, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून पुढे आलं आहे. कंबरपट्टे वाटूनही टळत नाही. खोकं जमिनीवरच राहणार असेल तर शंभरावं खोकं उचलताना कुणालाही सकाळचं प्रशिक्षण आठवत नाही.

क्रम असा ठेवा:

१. हातानं उचलणं टाळता येतं का ते बघा.
२. टाळता येत नसेल तर त्या कामाचं मोजमाप घ्या.
३. मग उंची, अंतर, वजन आणि वारंवारता बदला.
४. प्रशिक्षण त्यानंतर, आणि तेही नव्या मांडणीवर.

ब्रिटनमधल्या १९९२ च्या हातउचल नियमांची रचना हीच आहे: टाळा, तपासा, कमी करा.

मोजमाप कसं घ्यायचं ते एका उदाहरणावर पाहू. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेचं उचलण्याचं समीकरण यासाठी वापरतात. उत्तम स्थितीत ते २३ किलोपासून सुरू होतं आणि प्रत्येक अडचणीसाठी त्यातून वजावट करतं. समजा १५ किलोचं खोकं जमिनीलगत आहे, हातांची पकड १५ सेंटीमीटर उंचीवर आहे, ते फळीवर ठेवताना हात ९० सेंटीमीटर उंचीवर न्यावे लागतात आणि मध्ये काहीतरी आडवं असल्यानं हात घोट्यांपासून ५० सेंटीमीटर पुढे जातात. अंतरासाठी ०.५, खालच्या उंचीसाठी ०.८२ आणि वर नेण्यासाठी ०.८८ अशा गुणकांनी २३ ला गुणलं की ८.३ किलो येतात. म्हणजे १५ किलोचं खोकं शिफारशीच्या १.८ पट झालं.

आता तेच खोकं, पकड ७५ सेंटीमीटर उंचीवर येईल अशा चौथऱ्यावर ठेवा आणि आडवी वस्तू हलवून अंतर ३० सेंटीमीटरवर आणा. शिफारस १९ किलोंच्या पुढे जाते आणि तेच १५ किलो आटोक्यात येतात. माणूस तोच, खोकं तेच. बदलली ती फक्त मांडणी. (पकड चांगली आहे, कंबर पिळावी लागत नाही आणि उचलणं अधूनमधूनच आहे, असं यात गृहीत धरलंय. मिनिटाला सात-आठ वेळा उचलायचं असेल तर वजावट बरीच वाढते.)

हे मोजायला टेप आणि वजनकाटा एवढंच लागतं. निरीक्षकांना एका दिवसात शिकवता येतं.

गाड्या आणि अवजड यंत्रं चालवणाऱ्यांना विसरू नका. सतत बसणारे हादरे हा त्यांच्या कमरेचा वेगळा प्रश्न आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या हिशोबानं ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला उपाय सुरू करायचे असतात आणि १.१५ ही कमाल मर्यादा आहे. तुमच्याकडे असा नियम नसेल तर मसुद्यात हे आकडे आधार म्हणून घेता येतील. आसन, टायर आणि रस्त्याचे खड्डे या तिन्हींचा त्यात वाटा असतो, म्हणून वाहतूक विभागाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या.

माझा आग्रह असा की सुरुवात रुग्णालयापासूनच करा. रुग्णाला खाटेवरून उचलणाऱ्या परिचारिका आणि मदतनीस यांची कंबर ही आरोग्य खात्याची थेट जबाबदारी आहे. सरकवण्याच्या चादरी, उंची बदलणाऱ्या खाटा, रुग्ण उचलण्याचे हॉइस्ट ही साधनं स्वतःच्या वॉर्डात न आणता कारखानदारांना नियम सांगायला गेलं तर कुणी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

तपासा: सर्वांत जास्त तक्रारी येणाऱ्या पाच कामांची मोजमापं कागदावर आली का? प्रत्येक कामापुढे बदल, तारीख आणि जबाबदार माणूस लिहिलाय का?

## टप्पा ४: पहिल्या पायरीवरचे उपचार नीट बसवा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. रुग्णाचा पुढचा सगळा प्रवास पहिल्या दहा मिनिटांत ठरतो.

४.१ धोक्याच्या खुणांचा रस्ता आधी मोकळा करा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, जांघांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, दोन्ही पायांतली वाढती कमजोरी. यातलं काहीही नव्यानं सुरू झालं असेल तर रुग्ण त्याच दिवशी एमआरआय आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोचला पाहिजे. मज्जारज्जूच्या शेवटी असलेला नसांचा जुडगा दबला की उशिराची किंमत कायमची असते.

कर्करोगाचा पूर्वेतिहास, ताप आणि घटतं वजन, मोठा अपघात, म्हातारपणी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यात साधं पडणं, यांना पाठपुरावा आणि तपासण्या लागतात. क्षयरोग जास्त असलेल्या भागात ताप आणि वजन घटण्यासोबतची पाठदुखी कण्याच्या क्षयाची असू शकते, हे यादीत ठळक लिहा. मात्र एकेकटी सौम्य खूण पुष्कळ रुग्णांत सापडते. यादी खुणा करून उरकण्यासाठी नाही, सगळ्या खुणा एकत्र पाहून निर्णय घेण्यासाठी आहे, हे डॉक्टरांना उदाहरणं देऊन शिकवा.

सावधान: हा रस्ता चालू झाल्याची खात्री होईपर्यंत एमआरआयवर बंधनं आणू नका. खर्च वाचवण्याच्या घाईत आधी एमआरआय बंद आणि मग तातडीची सोय, असा उलटा क्रम लागला तर एखाद्याचे पाय जातील.

४.२ मग व्यायामाची सोय करा. डॉक्टरांनी 'एमआरआय नको' म्हटलं तर त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्यायला हवं. फिजिओथेरपिस्ट नसेल तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविका गटाला व्यायाम शिकवू शकते. चालण्याचाही पुरावा भक्कम आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ प्रौढांचा अभ्यास होता. ज्यांना हळूहळू वाढवत नेणारा चालण्याचा कार्यक्रम आणि फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन मिळालं, त्यांच्यात काम अडवणारं दुखणं परत यायला मध्यक २०८ दिवस लागले (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त). बाकीच्यांत ११२.

४.३ काय द्यायचं आणि काय थांबवायचं, ते एका पानावर आणा. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. समजावून सांगणं, व्यायाम, काही हातानं करायचे उपचार, मनाच्या पातळीवर काम करणाऱ्या वर्तन उपचारपद्धती आणि गरजेपुरती दाहशामक वेदनाशामकं यांना त्यांनी जागा दिली. कंबरपट्टे, ट्रॅक्शन (कणा ताणणं), अल्ट्रासाउंडचा शेक, त्वचेवरून सौम्य वीज देणारं टेन्स यंत्र आणि ओपिऑइड (अफूवर्गीय) औषधं नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत, असं सांगितलं.

ही दुसरी यादी वाचून खळबळ होईल. अनेक फिजिओथेरपी विभागांचा अर्धा दिवस ट्रॅक्शन आणि शेक यांतच जातो. म्हणून नुसतं परिपत्रक काढू नका. त्या खाटांवर जाणारा वेळ व्यायामाच्या गटांकडे कसा वळवायचा याचं वेळापत्रक विभागासोबत बसून करा.

४.४ अहवालाची भाषा बदला. 'मणक्यात गॅप आलाय', 'गादी सरकलीय' ही वाक्यं ऐकून घरी गेलेला माणूस खाली पडलेला पेनही उचलत नाही. खरं तर काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या कण्याचे एमआरआयसारखे फोटो काढले तरी विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसतात आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीतच ३० टक्के आहे. क्ष-किरण विभागाशी बोलून अहवालाच्या तळाशी एक ओळ छापून घ्या: 'वर लिहिलेले बदल या वयात दुखणं नसलेल्या लोकांतही सर्रास आढळतात.' इतक्या स्वस्तात होणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

४.५ कुणाला जास्त मदत लागेल ते पहिल्याच भेटीत ओळखा. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात तयार झालेली ९ प्रश्नांची 'स्टार्ट बॅक' प्रश्नावली यासाठी आहे. दुखणं किती पसरलंय यासोबत भीती, निराशा आणि 'हे कधीच बरं होणार नाही' ही धारणा ती मोजते. कमी धोक्याच्या रुग्णाला धीर आणि माहिती पुरते, मधल्या गटाला फिजिओथेरपी लागते आणि जास्त धोक्याच्या रुग्णाला मनाच्या बाजूचीही मदत लागते. प्रश्नावली स्थानिक भाषेत तपासून घेतलेलीच वापरा. कार्यालयात बसून केलेलं भाषांतर चालत नाही.

तपासा: अनोळखी रुग्ण बनून कुणाला तरी केंद्रात पाठवा. परत आल्यावर तीनच गोष्टी विचारा. धोक्याच्या खुणा विचारल्या का? व्यायाम दाखवला का? घाबरवलं का?

## टप्पा ५: रजेचा कागद बदला

बहुतेक धोरणं दवाखान्याच्या दारात संपतात. रुग्णाचा खरा झगडा त्यानंतर, कामावर परतताना असतो.

प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यात 'पूर्ण विश्रांती' आणि 'कामास योग्य' असे दोनच पर्याय असतील तर डॉक्टर पहिला निवडणारच. तिसरा पर्याय छापा: 'पुढील बदलांसह काम करू शकतो'. त्याखाली चौकटी द्या: उचलण्याची मर्यादा किती किलो, सलग बसणं किंवा उभं राहणं किती मिनिटं, पाळी किती तासांची, फेरतपासणी कोणत्या तारखेला. झोपून राहिल्यानं साधी कंबरदुखी बरी होत नाही, उलट परतणं लांबतं.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार आठवड्यांहून जास्त गैरहजर असलेल्या कामगारांसाठी उपचार आणि कामाच्या जागेतले बदल एकत्र केले. ते नेहमीच्या पद्धतीपेक्षा २.४ पट वेगानं मूळ कामावर परतले. त्यातही मोठा वाटा कामाच्या जागेतल्या बदलांचा होता. म्हणून चौथ्या आठवड्याला एक बैठक बंधनकारक करा: कामगार, त्याचा वरिष्ठ आणि उपचार करणाऱ्यांपैकी एक. अर्धा तास पुरतो.

सावधान: हलकं काम दिलं म्हणून पगार कापला जाणार असेल तर कुणीही हलकं काम मागणार नाही. लोक दुखणं लपवतील किंवा पूर्ण रजा घेतील. वेतनाचं संरक्षण नियमात लिहिल्याशिवाय नवा नमुना लागू करू नका.

## टप्पा ६: उरलेले तीन प्रश्न ज्याच्या त्याच्या खात्याकडे द्या

ठिसूळ मणके. नवा विभाग काढायची गरज नाही. पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं मनगट, खुबा किंवा मणका मोडलेल्या प्रत्येकाची नोंद अस्थिरोग विभागातच करा आणि त्यांना हाडांच्या घनतेच्या तपासणीला व उपचारांना जोडून देणारी एक परिचारिका नेमा. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटीमीटरहून जास्त घटली असेल तर मणका दबल्याची शंका घ्यायला शिकवा. बरेचसे दबलेले मणके 'वयाची पाठदुखी' म्हणून तसेच राहून जातात.

मज्जारज्जूची इजा. जगात दीड कोटीहून जास्त लोक या इजेसह जगत आहेत. कारणांत रस्ते अपघात, पडणं आणि हिंसा ठळक आहेत, म्हणून प्रतिबंधाचा पैसा वेगमर्यादा, सीटबेल्ट, बांधकामावरचे सुरक्षा पट्टे यांवर जातो. आरोग्य खात्यानं दोन गोष्टी सांभाळायच्या: अपघातस्थळी जखमीला मान न वळवता हलवण्याचं प्रशिक्षण, आणि नंतरच्या काळात मूत्रमार्गाची व त्वचेची काळजी. घरी गेल्यावर अंथरुणातल्या जखमांनी आणि जंतुसंसर्गानं माणसं दगावतात. ते टाळता येण्यासारखं आहे.

जन्म आणि वाढीचं वय. गर्भाच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. त्यामुळे फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पहिल्या तपासणीला दिल्या तर उशीर झालेला असतो. मूल हवं असं ठरल्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू व्हावं लागतं. ते सगळ्यांपर्यंत पोचत नाही म्हणूनच पिठात फॉलिक ॲसिड मिसळण्याचा पर्याय आहे आणि २०२३ च्या जागतिक आरोग्य सभेच्या ठरावानं त्याला बळ दिलंय.

शाळेत कणा बाजूला वाकल्याची सरसकट तपासणी करावी का, यावर पुरावा अपुरा असल्याचं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानं २०१८ मध्ये नोंदवलं. माझं मत असं: कणा वाकलेल्या मुलासाठी ब्रेस (कण्याला आधार देणारा पट्टा) बनवणारं आणि सहा-सहा महिन्यांनी तपासणारं केंद्र आवाक्यात नसेल तर शाळेत तपासणी करू नका. मुलीच्या पाठीवर खूण करून तिला घाबरवायचं आणि पुढे काहीच द्यायचं नाही, हा अन्याय आहे. दप्तराच्या वजनावर जितकी चर्चा होते तितका पुरावा मिळत नाही. शाळेचा तास वाचवायचाच असेल तर तो रोजच्या खेळासाठी वाचवा.

## टप्पा ७: आता, आणि आताच, जाहिरात

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९९७ ते १९९९ या काळात 'कंबरदुखी झोपून काढू नका' अशा आशयाची मोठी मोहीम चालवली. शेजारच्या न्यू साउथ वेल्सशी तुलना केल्यावर व्हिक्टोरियात लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही धारणा बदलल्या होत्या, भरपाईचे दावे घटले होते. स्कॉटलंड, नॉर्वे आणि कॅनडातलं अल्बर्टा इथेही नंतर अशा मोहिमा झाल्या. तिथे धारणा कमीअधिक बदलल्या, पण रजा किंवा दावे तसे घटले नाहीत.

फरक कशामुळे पडला यावर जाणकारांत मतं आहेत. व्हिक्टोरियाची मोहीम चालवणारी संस्था कामगार भरपाईचीच होती, खर्च मोठा होता, टीव्हीवर भर होता आणि डॉक्टरांना उपचारांच्या सूचनाही दिल्या गेल्या. मी यातून एवढंच घेते: 'हालचाल चालू ठेवा' हे ऐकून केंद्रात आलेल्या माणसाला तिथे व्यायाम मिळाला पाहिजे आणि कामावर बदल मिळाला पाहिजे. म्हणून ही पायरी सातवी आहे.

मजकूर लिहिताना तीनच गोष्टी सांगा: बहुतेक कंबरदुखी गंभीर नसते, झेपेल तेवढं चालत-फिरत राहा, ४.१ मधल्या पहिल्या चार खुणांपैकी एकही दिसली तर आजच जा. बसण्याची 'योग्य' आणि 'अयोग्य' पद्धत दाखवणारी चित्रं टाळा. एकच आदर्श बसणं कंबरेला वाचवतं असं दिसलेलं नाही, आणि अशा चित्रांमुळे कणा नाजूक काचेसारखा आहे ही भीती पक्की होते. छपाईआधी मजकूर वीस सामान्य लोकांना वाचून दाखवा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. 'हालचाल चालू ठेवा' याचा अर्थ 'दुखलं तरी ओझी उचला' असा कुणी घेतला तर वाक्य बदला.

## टप्पा ८: थोड्या जागी सुरू करा, आणि दोन्ही बाजूंनी मोजा

सगळीकडे एकाच दिवशी सुरू करू नका. आठ केंद्रं असतील तर सुरुवात दोनच ठिकाणी करा आणि बाकीच्यांच्या तारखा चिठ्ठ्या टाकून ठरवा. जी केंद्रं वाट पाहत असतात त्यांच्याशी तुलना आपोआप होते. अधिकाऱ्याचं आवडतं, आधीच चांगलं चालणारं केंद्र पहिलं निवडलं तर निकाल खोटा येतो.

दर महिन्याला पाच आकडे घ्या: धोक्याची खूण नसताना पहिल्या सहा आठवड्यांत काढलेले एक्स-रे आणि एमआरआय, व्यायामाची सत्रं पूर्ण करणारे, रजेपासून कामावर परतेपर्यंतचे दिवस, धोक्याची खूण दिसल्यापासून तज्ज्ञापर्यंत लागलेले तास आणि ओपिऑइडच्या चिठ्ठ्या. टप्पा २ मधलं घरोघरचं सर्वेक्षण वर्षानं पुन्हा करा.

पहिला आणि चौथा आकडा नेहमी शेजारी-शेजारी ठेवून वाचा. एमआरआय घटले आणि तातडीचे रुग्ण उशिरा पोचू लागले, तर योजना चुकते आहे, बचत कितीही दिसो. तसं झालं की त्याच आठवड्यात नवीन केंद्र जोडणं थांबवा, उशीर झालेल्या प्रत्येक रुग्णाचा प्रवास तासा-तासानं कागदावर मांडा आणि अडखळलेली जागा दुरुस्त झाल्यावरच तिसऱ्या केंद्राची तारीख लावा.